लॅमिंग्टन रोडवरचे खण

लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग अशी पाटी आहे, पण लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच आहे. आपल्या आईवडिलांना तो मिनर्व्हा टॉकीजमुळे माहीत. ‘शोले’ तिथे पाच वर्षं चालला. आपल्या १९९६ च्या बॅचमधल्या विज्ञान प्रदर्शनवाल्यांना मात्र तो वेगळ्या कारणाने आठवेल. शाळेतून चालत वीस मिनिटांवर रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी असं सगळं सुटं मिळायचं.

दुकानं अरुंद. पुढे काउंटर आणि मागे छतापर्यंत छोटे छोटे खण, प्रत्येकावर पेनाने लिहिलेला नंबर. बीसी ५४७, एसएल १००, ५५५ टायमर. आपण वहीच्या पानावर यादी नेायचो आणि काउंटरवरचे काका ती वाचूनच पोरं काय बनवणार ते ओळखायचे. पाण्याची टाकी भरल्यावर वाजणाऱ्या अलार्मसाठी आमच्या यादीत ५५५ होता. काकांनी तो खोडला. तयार बझर घ्या, दोन ट्रान्झिस्टरमध्ये काम होतं, म्हणाले. स्वतःची विक्री कमी करून दिलेला सल्ला! पुढे इंजिनिअरिंगला चार वर्षं काढली, पण ‘हे लागणारच नाही’ असं सांगणारे फार थोडे भेटले.

सगळंच गोड नव्हतं. गर्दीत आम्ही दोघीच मुली असायचो आणि एका काउंटरवर दर वेळी विचारलं जायचं, “भावासाठी नेताय का?”

ही दुकानं ऑनलाइन खरेदीने मारली असं सरसकट म्हणतात. मला ते पटत नाही. मुळात दुकानाचं भाडं आपल्यासारख्या चार रेझिस्टर घेणाऱ्यांवर कधीच निघत नव्हतं. खरं गिऱ्हाईक होतं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक. त्यांच्यासाठी हजार भाग भरून ठेवलेले असायचे, म्हणून त्यातला एक आपल्याला मिळायचा. पुढे बिघडलेला भाग शोधण्याऐवजी अख्खा बोर्डच बदलायची पद्धत आली, आणि खणांची गरज संपत गेली. भागही बारीक झाले. ०४०२ मापाचा रेझिस्टर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. आपल्या सोल्ड्रॉनच्या टोकाखाली तो दिसणारही नाही. दुसरीकडे, १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. त्याच काउंटरवर आधी असेंबल केलेले पीसी आले, मग सीसीटीव्ही, मग मोबाइलची कव्हरं. दुकानदाराने तरी दुसरं काय करावं?

हे फक्त इथलं नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी रेडिओशॅक पाहिलं असेल. १९२१ मध्ये बोस्टनला सुरू झालेल्या या कंपनीने २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ब्रिटनमधल्या मॅप्लिनची दोनशेहून जास्त दुकानं होती, ती २०१८ मध्ये बंद झाली.

माझा भाचा लातूरला असतो. आर्डुइनोचा बोर्ड, सेन्सर, वायरी सगळं त्याच्या घरी पार्सलने येतं. आपल्या वेळी लातूरच्या मुलाला त्यासाठी मुंबईला येणारं कुणीतरी गाठावं लागलं असतं, तेव्हा मी उगाच गळा काढणार नाही. त्याच्या वर्गातल्या मुलींनाही ‘कुणासाठी’ असं विचारणारं कुणी नाही. फक्त त्याने मागवलेल्या बारा वस्तूंपैकी सात तशाच पाकिटात पडून आहेत. यादीवर पेन चालवणारं कुणी नव्हतं.

सुट्या भागांची काही काउंटर लॅमिंग्टन रोडवर अजून आहेत. संमेलन रविवारी आहे आणि रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. बाहेरगावहून शनिवारीच येणाऱ्यांनी दुपारी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला भेटावं. मी असेन.