पोटांतील बंध आणि पेशींची उपासमार

पोटावरील शस्त्रक्रिया यथासांग पार पडते, जखम भरून येते, रोगी घरीं जातो. आणि कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं त्याच्या आंतड्याचा मार्ग अकस्मात् अडतो. पोट पुन्हां उघडावें, तों आंतड्याचीं वेटोळीं एकमेकांस चिकटलेलीं आढळतात. स्कॉटलंडमधील सुमारें ३०,००० रोग्यांची दहा वर्षांची पाहणी १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. अशा बंधांशीं निश्चित किंवा संभाव्य संबंध असलेल्या कारणासाठीं त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश लोकांस पुन्हां रुग्णालयांत यावें लागलें होतें.

या बंधांचें मूळ कशांत आहे? दाहामुळें अवयव परस्परांस चिकटतात, याचें विवेचन जॉन हंटर यांच्या १७९४ सालच्या ग्रंथांत आहे. पुढें असा समज रूढ झाला कीं, पोटाचें गुळगुळीत अस्तर जेथें खरवडलें जातें तेथें बंध जडतात. म्हणून तें टांके घालून मिटवावें. हॅरोल्ड एलिस या इंग्रज शल्यविशारदाच्या १९६२ सालच्या प्रयोगांनीं हा समज उलटविला. प्राण्यांच्या अस्तराचा जो भाग उघडा ठेवला, तो बहुधा निर्वेध भरून आला. जो ताणून शिवला, तेथेंच बंध जडले. टांक्यांनीं तेथील रक्तपुरवठा आवळला जात होता. रक्षणासाठीं घातलेली शिवणच घातक ठरत होती!

रक्त तुटलें म्हणजे पेशींत काय घडतें? जखमेवर प्रथम फायब्रिनाचें जाळें बसतें. निरोगी अस्तर तें थोड्या दिवसांत विरघळवितें. उपाशी अस्तरास तें साधत नाहीं. मग तंतुजनक पेशी त्या जाळ्यांत शिरून कोलॅजेनचे चिवट दोर विणतात. प्राणवायु न मिळाल्यानें त्या द्राक्षशर्करेचें लॅक्टिक आम्ल करून निर्वाह करतात. त्यांचें चयापचय बदलतें, आणि त्याबरोबर वर्तनहि. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें सईद आणि डायमंड यांनीं निरोगी पेशींस असा तुटवडा सोसावयास लावला. त्या अधिक कोलॅजेन निर्मूं लागल्या, आणि प्राणवायु पुन्हां पुरविल्यावरहि ती खोड सुटली नाहीं.

थोड्या वेळाची उपासमार पेशीचा स्वभाव पालटते, हें या इतिहासाचें सार होय. म्हणूनच ऊतकांस हलक्या हातानें हाताळणें, तीं ओलीं राखणें आणि त्यांचें रक्त न तोडणें, यांतच शल्यविशारदाचें खरें कौशल्य आहे.