किशोरवयीन मुले आणि मद्यपान : धोके, कायदा आणि प्रतिबंध

किशोरवयातील मद्यपान म्हणजे कायद्याने ठरवून दिलेल्या वयापूर्वी, विशेषतः वयाच्या बारा ते वीस या टप्प्यात केलेले मद्यसेवन. अमेरिकेत या वयोगटात सर्वाधिक वापरला जाणारा अमली पदार्थ मद्य हाच आहे. गांजा किंवा गोळ्यांच्या भीतीने सावध असणारे पालकही मद्याच्या बाबतीत अनेकदा निर्धास्त असतात. कारण ते दुकानात उघडपणे मिळते, समारंभांत दिसते आणि पुष्कळशा घरांच्या कपाटात असते. परदेशातील मराठी कुटुंबांत या निर्धास्तपणाला ‘आपली मुले तसली नाहीत’ या विश्वासाची जोड मिळते. हा विश्वास चुकीचा असतोच असे नाही. मात्र तो संवादाची जागा घेऊ लागला की मूल पहिल्या प्रसंगाला एकटेच सामोरे जाते.

प्रमाण किती?

मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांच्या व्यसनविषयक सवयींचे दरवर्षी सर्वेक्षण करते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बारावीतील सुमारे ८८ टक्के विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षभरात मद्य घेतल्याचे सांगितले होते. २०२४ मध्ये हे प्रमाण बारावीत सुमारे ४२, दहावीत २६ आणि आठवीत १३ टक्के होते. घट मोठी आहे आणि प्रतिबंध शक्य असल्याचा तो पुरावाही आहे. तरीही आठवीतील दर आठ मुलांपैकी एकाने वर्षभरात मद्य घेतलेले असणे ही किरकोळ बाब नव्हे. अतिमद्यपानामुळे अमेरिकेत २१ वर्षांखालील सुमारे ४,००० जण दरवर्षी प्राणास मुकतात. त्यांत वाहन अपघातांबरोबरच आत्महत्या, हिंसाचार आणि मद्याची विषबाधा यांचाही समावेश होतो.

शरीरावर व मेंदूवर होणारे परिणाम

मानवी मेंदूचा विकास वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत चालू असतो. निर्णय घेणे, परिणामांचा अंदाज बांधणे आणि आवेग आवरणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. सुख आणि उत्तेजना यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र त्याआधीच जोरात कार्यरत झालेली असते. म्हणून किशोरवयात धाडसाची ओढ अधिक आणि लगाम सैल असतो. मद्य नेमका हा लगाम आणखी सैल करते. स्मृतीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागावरही त्याचा परिणाम होतो. जास्त मद्य घेतल्यावर आदल्या रात्रीचे काहीही न आठवणे हा त्याचाच एक प्रकार.

दुसरा फरक पिण्याच्या पद्धतीत आहे. किशोरवयीन मुले प्रौढांच्या तुलनेत कमी वेळा पितात, पण एका वेळी अधिक पितात. अमेरिकेत एक प्रमाणित पेय म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. म्हणजेच साधारण ३५५ मिलिलिटर बिअर, १५० मिलिलिटर वाइन किंवा ४४ मिलिलिटर व्हिस्की अथवा व्होडका. प्रौढ पुरुषाने दोन तासांत पाच आणि स्त्रीने चार पेये घेतली तर ते अतिमद्यपान समजले जाते. किशोरवयीन मुलींमध्ये ही मर्यादा तीन पेयांवर येते. मुलांमध्ये ती वयानुसार तीन ते पाच पेये इतकी आहे. पार्टीत लाल प्लास्टिकच्या पेल्यात अंदाजाने ओतलेल्या व्होडकात किती प्रमाणित पेये आहेत, हे मात्र पिणाऱ्याला सहसा माहीत नसते.

तिसरा मुद्दा दीर्घकालीन आहे. वयाच्या पंधराव्या वर्षापूर्वी पिण्यास सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे मद्यावलंबित्व येण्याचे प्रमाण एकविसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे अमेरिकेतील राष्ट्रव्यापी पाहणीत आढळले आहे. यामागे आनुवंशिकता आणि कौटुंबिक परिस्थिती यांचाही वाटा असतो. तरीही सुरुवात जितकी लांबणीवर पडेल तितके हिताचे, यावर वैद्यकीय जगतात व्यापक एकमत आहे.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९७१ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ झाले आणि त्यापाठोपाठ अनेक राज्यांनी मद्यखरेदीचे वयही खाली आणले. तरुणांच्या रस्ते अपघातांत वाढ दिसू लागल्यावर जनमत बदलले. १९८० मध्ये स्थापन झालेल्या, मद्यपी वाहनचालकांविरुद्ध लढणाऱ्या मातांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्रीय किमान वय कायद्यावर स्वाक्षरी केली. २१ वर्षांखालील व्यक्तींना मद्याची खरेदी किंवा ते सार्वजनिक ठिकाणी बाळगणे यास मुभा देणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीत कपात करण्याची तरतूद त्यात होती. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ही अट मान्य केली. वय वाढवलेल्या राज्यांतील वाहन अपघातांत सुमारे १६ टक्के घट झाल्याचे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले. वाहनचालक २१ वर्षांखालील असेल तर त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०२ टक्क्यांहून कमीच असले पाहिजे, असा नियम आता सर्व राज्यांत आहे. प्रौढांसाठी बहुतेक राज्यांत ही मर्यादा ०.०८ आहे.

पालकांच्या दृष्टीने आणखी दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे यजमानाचे दायित्व. काही राज्ये पालकांना स्वतःच्या मुलाला घरी मद्य देण्याची सवलत देतात; मात्र ही सवलत इतरांच्या मुलांना लागू होत नाही. आपल्या घरी जमलेल्या अल्पवयीन मुलांनी मद्य घेतले तर अनेक ठिकाणी घरमालकावर दंड, दिवाणी दावा किंवा फौजदारी कारवाई होऊ शकते. दुसरी बाब स्थलांतरितांपुरती आहे. मद्य पिऊन वाहन चालवल्याबद्दल अटक झाल्यास, दोष सिद्ध होण्यापूर्वीच परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. आई-वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या अथवा विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत एका रात्रीची किंमत अशी कित्येक पटींनी वाढते.

ब्रिटनमध्ये खरेदीचे वय १८ आहे, तर दुबईत किमान वय २१ आहे. कुवेतमध्ये मद्यावर संपूर्ण बंदी आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यांसाठी २५ वर्षांची मर्यादा आहे. देश बदलला की नियम बदलतो. मुलाचा मेंदू मात्र तोच असतो. त्यामुळे ‘इथे चालते’ हे कायदेशीर उत्तर असले, तरी वैद्यकीय उत्तर नव्हे.

‘घरीच थोडी दिली तर?’

बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी आपल्या देखरेखीखाली थोडी चव दिलेली बरी, म्हणजे मुले संयम शिकतील, असे अनेक सुशिक्षित पालकांना वाटते. युरोपातील कुटुंबांची उदाहरणेही दिली जातात. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० किशोरवयीन मुलांचा सहा वर्षे पाठपुरावा करून हा समज तपासण्यात आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालकांनी मद्य पुरवल्याने मुलांचे कोणत्याही प्रकारे संरक्षण झाल्याचे दिसले नाही. उलट, अशा मुलांना पुढे इतर मार्गांनीही मद्य मिळण्याची आणि अतिमद्यपानाची शक्यता वाढलेली आढळली. घरातली परवानगी मुलाला संयमाचा धडा वाटत नाही, तिच्याकडे ते संमती म्हणून पाहते. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही २००९ मध्ये मद्यमुक्त बालपण हेच सर्वोत्तम असल्याचा सल्ला दिला होता.

दुसऱ्या टोकाला धाक आणि व्याख्याने आहेत. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ या कार्यक्रमात पोलीस अधिकारी वर्गात येऊन व्यसनांविरुद्ध धडे देत असत. तो देशभर लोकप्रिय झाला. परंतु त्याच्या मूळ स्वरूपाचा मुलांच्या प्रत्यक्ष वर्तनावर टिकाऊ परिणाम जवळजवळ झालाच नाही, असे अनेक मूल्यमापनांत आढळले. भीती काही दिवसांत ओसरते आणि मित्रांची संगत रोजची असते.

आइसलंडचा अनुभव

मग उपयोगी काय पडते? याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उत्तर आइसलंडमधून आले. तेथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात नशा होईपर्यंत मद्यपान केल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. या काळात मुलांना केवळ उपदेश करण्याऐवजी त्यांच्या भोवतीचे वातावरण बदलण्यात आले. शाळांमध्ये नियमित सर्वेक्षणे झाली आणि त्यांचे स्थानिक निष्कर्ष शाळांना व नगरपालिकांना कळवले गेले. खेळ, संगीत, नृत्य यांसाठी कुटुंबांना अनुदान मिळू लागले. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्याने बाहेर राहू नये, असा नियम लागू झाला. शाळेतील पालकांनी एकत्र येऊन करार केले : मुलांना मद्य द्यायचे नाही, मोठ्यांच्या गैरहजेरीत पार्टी होऊ द्यायची नाही आणि एकमेकांच्या मुलांवरही लक्ष ठेवायचे. त्याचबरोबर पालकांनी मुलांसोबत अधिक वेळ घालवावा, यावर विशेष भर देण्यात आला.

छोट्या, एकजिनसी देशाचा हा अनुभव जसाच्या तसा कोठेही उचलता येणार नाही. तथापि पालकांच्या आपसातील कराराची कल्पना महाराष्ट्र मंडळे, मराठी शाळा आणि गणेशोत्सवाच्या निमित्ताने वर्षानुवर्षे एकत्र येणाऱ्या कुटुंबांना अंगीकारण्यासारखी आहे. मोठे वरच्या मजल्यावर गप्पांत रंगलेले आणि मुले तळघरात एकटी, असे दृश्य ज्या शनिवारच्या स्नेहभोजनांत दिसते, तेथूनच तिची सुरुवात होऊ शकते.

पालकांनी काय करावे?

• संवादाला लवकर सुरुवात करावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना वयाच्या नवव्या वर्षापासून बोलण्याचा सल्ला देते. एकच मोठे प्रवचन देण्यापेक्षा प्रसंगानुरूप छोटी संभाषणे अधिक उपयोगी पडतात.

• नियम स्पष्ट असावा आणि त्याचे कारणही सांगावे. ‘आपल्यात चालत नाही’ एवढे उत्तर दोन संस्कृतींत वाढणाऱ्या मुलाला पुरत नाही. मेंदूची वाढ, वाहन आणि कायदा ही कारणे त्याला पटू शकतात.

• स्वतःच्या वागण्याकडे पाहावे. दमल्यावर किंवा चिडल्यावर पेला हाती घेणारा पालक मुलाला ताणावरचा उपाय नकळत शिकवत असतो. घरातील मद्य कुलपात ठेवावे.

• नकाराचे शब्द आधीच ठरवून द्यावेत. ‘उद्या सकाळी सामना आहे’ किंवा ‘घरी कळले तर गाडी बंद होईल’ अशी सबब मुलाला मित्रांमध्ये मान राखून बाहेर पडू देते.

• सुटकेचा मार्ग खुला ठेवावा. कोणत्याही वेळी फोन केल्यास आई-बाबा न्यायला येतील आणि त्या रात्री प्रश्न विचारणार नाहीत, हे वचन मद्यपी मित्राच्या गाडीत बसण्यापासून मुलाला वाचवू शकते. चर्चा दुसऱ्या दिवशी अवश्य करावी.

• अचानक घसरलेले गुण, बदललेले मित्र, झोपेच्या विस्कटलेल्या वेळा, खोटे बोलणे यांकडे लक्ष द्यावे. नैराश्य, चिंता किंवा एकटेपणा मद्याच्या आड दडलेला असू शकतो.

तातडीची मदत

हाक मारून किंवा हलवूनही जाग न येणे, वारंवार उलट्या, मंद किंवा अनियमित श्वास, थंड व निळसर त्वचा ही मद्याच्या विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी अमेरिकेत ९११ वर तत्काळ फोन करावा, मुलाला कुशीवर वळवावे आणि क्षणभरही एकटे सोडू नये. कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी नशा उतरत नाही. ‘झोपू दे, उतरेल’ हा विचार जीवघेणा ठरू शकतो, कारण पिणे थांबल्यावरही रक्तातील मद्याचे प्रमाण काही काळ वाढत राहते. मदत मागणाऱ्या अल्पवयीन मुलांना मद्य बाळगल्याच्या कारवाईतून सूट देणारे कायदे अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आहेत. ही माहिती मुलांना आधीच द्यावी.

सवय जडली असल्याची शंका आल्यास मुलाचे डॉक्टर किंवा शाळेतील समुपदेशक हा पहिला टप्पा असतो. अमेरिकेत १-८००-६६२-४३५७ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य व गोपनीय मार्गदर्शन मिळते. समाजात नाव जाईल या भीतीने अनेक कुटुंबे ही पायरी टाळतात. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून उपचारयोग्य आजार आहे, ही दृष्टी मराठी समाजात रुजवली. मुलाच्या दम्यासाठी किंवा मोडलेल्या हातासाठी जितक्या सहजपणे डॉक्टर गाठले जातात, तितक्याच सहजपणे या आजारासाठीही ते गाठले जावेत. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी मूल त्यातून पूर्ण बाहेर पडण्याची शक्यता अधिक असते.