सत्य, क्षमा आणि न्याय : दक्षिण आफ्रिकेतील सत्य व सलोखा आयोग

वर्णभेदी राजवटीच्या अस्तानंतर दक्षिण आफ्रिकेपुढे सूड की विस्मरण, असा पेच उभा राहिला. १९९५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सत्य व सलोखा आयोगाने तिसरा मार्ग स्वीकारला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल १९९६ मध्ये जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. सुमारे २१ हजार पीडितांची निवेदने नोंदविली गेली. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली देणाऱ्यासच माफी, अशी अट होती. ७,११२ अर्जदारांपैकी ८४९ जणांनाच ती मिळाली.

या रचनेत एक वचन गर्भित होते : माफी न मिळालेल्यांवर खटले चालतील. आयोगाने तीनशेहून अधिक प्रकरणे अभियोग यंत्रणेकडे सोपविली. प्रत्यक्षात मोजकेच खटले उभे राहिले. १९७१ मध्ये पोलीस कोठडीत झालेला अहमद टिमोल यांचा मृत्यू आत्महत्या नसून हत्या होती, असा निर्णय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. खटले दडपले गेले काय, हे तपासण्यासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र चौकशी आयोग नेमावा लागला.

तात्पर्य, सत्यकथनाने शांततेचा पाया घातला. तथापि पीडितांनी क्षमेचे मोल आधी चुकविले आणि राज्यसंस्थेने न्यायाचे देणे थकविले. ते फिटल्यावाचून सलोखा अपुराच राहतो.