टार्पनची रात्रीची मासेमारी

टार्पनची रात्रीची मासेमारी हा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या किनाऱ्यावर प्रचलित असलेला, गळाने मासे पकडण्याचा एक हौशी क्रीडाप्रकार आहे. फ्लोरिडा कीज ही बेटमालिका आणि मायामीचा परिसर ही त्याची प्रमुख केंद्रे होत. परवानाधारक वाटाड्या मोबदला घेऊन हौशी मच्छीमारांना आपल्या होडीतून नेतो. मासा खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी पकडला जात नाही. तो होडीजवळ आणला की पुन्हा सोडून देतात.

माशाची ओळख

अटलांटिक टार्पनचे शास्त्रीय नाव मेगॅलॉप्स अटलांटिकस असे आहे. ‘मेगॅलॉप्स’ म्हणजे मोठ्या डोळ्यांचा. रुपेरी खवल्यांमुळे त्यास ‘रुपेरी राजा’ असेही म्हणतात. त्याची लांबी सुमारे २.५ मीटरपर्यंत, तर वजन १०० किलोग्रॅमहून अधिक भरू शकते. त्याचा वाताशय फुप्फुसासारखे काम करतो. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो. तो ५० वर्षांहून अधिक जगू शकतो. मात्र प्रजननक्षम होण्यास त्याला अनेक वर्षे लागतात.

इतिहास

१८८५ साली न्यू यॉर्कच्या डब्ल्यू. एच. वूड यांनी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर काठी व रीळ वापरून टार्पन पकडला. या घटनेची मोठी प्रसिद्धी झाली आणि टार्पनच्या हौशी मासेमारीची सुरुवात सामान्यतः तेथून मानली जाते.

रात्रीची पद्धत

मुख्य हंगाम वसंत ऋतूपासून उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत असतो. रात्री पुलांवरील दिव्यांचा प्रकाश पाण्यावर पडतो आणि पुलाची सावली तेथे एक ठळक सीमारेषा आखते. टार्पन प्रवाहाकडे तोंड करून या सावलीच्या कडेला थांबतो आणि वाहत येणारी कोळंबी, खेकडे व लहान मासे टिपतो. म्हणून वाटाड्या सहलीची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवरून ठरवतो.

होडी प्रवाहाच्या वरच्या अंगास नांगरून जिवंत आमिष सावलीच्या दिशेने वाहू दिले जाते. टार्पनचा जबडा हाडासारखा कठीण असल्याने गळ सहज रुतत नाही. वर्तुळाकार गळ बहुधा तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो व माशाला इजा कमी होते. अडकलेला मासा पाण्याबाहेर उंच उडी घेतो. त्या क्षणी काठी त्याच्या दिशेने झुकवून दोरी सैल सोडतात. यास ‘राजाला मुजरा’ अशा अर्थाची संज्ञा आहे. नांगराची दोरी बोयाला बांधून सोडून दिली की माशामागे होडी नेता येते. तसे न केल्यास मासा पुलाच्या खांबांभोवती दोरी गुंडाळून ती तोडतो.

नियम व संवर्धन

फ्लोरिडात २०१३ पासून टार्पन पकडून सोडणे बंधनकारक आहे. विक्रमाच्या नोंदीसाठी मासा ठेवायचा असल्यास ५० डॉलरचे विशेष अनुमतिपत्र घ्यावे लागते. ४० इंचांहून (सुमारे १ मीटर) लांब मासा छायाचित्रासाठीही पाण्याबाहेर काढता येत नाही. जड शरीर उचलल्याने आंतरिक इजा होऊ शकते, हे त्यामागील एक कारण होय.

सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. झुंज लांबली की मासा थकतो आणि हातोडी शार्क किंवा बुल शार्क यांचे भक्ष्य बनतो. रात्रीच्या अंधारात शार्क उशिरा दिसतो. म्हणून दोरी पुरेशी मजबूत वापरणे, झुंज लवकर आटोपणे आणि शार्क दिसताच दोरी तोडून माशाला मोकळे करणे हे जाणकार वाटाड्याचे कर्तव्य समजले जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत ही प्रजाती ‘असुरक्षित’ गटात आहे. उशिरा वयात येणाऱ्या या माशाच्या बाबतीत एका मोठ्या मादीचा मृत्यू म्हणजे पुढील अनेक वर्षांच्या प्रजननाची हानी ठरते.

भारतीय जलक्षेत्रातील प्रजाती

टार्पनच्या कुळात आज दोनच प्रजाती हयात आहेत. त्यांपैकी दुसरी, मेगॅलॉप्स सिप्रिनॉइडिस, हिंद व प्रशांत महासागरांत आढळते; भारताच्या किनारी पाण्यातही तिचा वावर आहे. आकाराने ती अटलांटिक टार्पनपेक्षा बरीच लहान असते.