एका कॉर्डसाठी बसप्रवास

आमच्या कपाटावर एक गिटार बरीच वर्षं पडून होती. भाच्याची. नोकरीसाठी बाहेरगावी जाताना "मावशी, राहू दे गं तुझ्याकडे" म्हणाला आणि गेला तो गेलाच. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली काढली, पुसली, आणि का कोण जाणे, परत वर ठेवावीशी वाटेना. वय वर्षं ४७. म्हटलं, चला, शिकूया.

हल्ली शिकायला काय लागतं? तारा सुरात लावायला फोन आहे, शिकवायला फोनमध्येच शेकडो मास्तर आहेत. तीन आठवड्यांत बोटांची टोकं सोलवटली आणि 'ई' नि 'ए' या दोन कॉर्ड वाजायला लागल्या. तिसरी 'बी सेव्हन' मात्र काही केल्या येईना. चार बोटं चार ठिकाणी दाबायची आणि त्यातून एक तार मोकळी सोडायची. माझं बोट नेमकं त्याच तारेवर लोळायचं. तिथून मग एकच आवाज... थड!

अशा वेळी मी नेहमी करते तेच केलं. गिटार बाजूला ठेवली आणि गिटारबद्दल वाचत बसले.

वाचता वाचता पोचले १९५० च्या दशकातल्या इंग्लंडात. त्या काळी तिथल्या पोरांना गिटार शिकणं सोपं नव्हतंच. अमेरिकेतून येणाऱ्या मालावर ब्रिटनने १९५१ पासून निर्बंध घातले होते, ते १९५९ पर्यंत टिकले. त्यामुळे चांगल्या अमेरिकी गिटारी फक्त फोटोत बघायच्या. अशातच जानेवारी १९५६ मध्ये लॉनी डोनेगनचं 'रॉक आयलंड लाइन' तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आलं. गाणं मूळचं अमेरिकेतलं, १९३४ साली अर्कान्सामध्ये तुरुंगातल्या कैद्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं. डोनेगनने ते गिटारवर असं काही म्हटलं की पोरांना वाटलं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल! या प्रकाराला 'स्किफल' म्हणत. एक गिटार, कपडे धुवायची खाचांची फळी आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी नि दोरी बांधून केलेला 'बास'. झाला वाद्यवृंद तयार.

तीन कॉर्डवर भागायचं. या तीन कॉर्ड म्हणजे काय, तर आपल्या भाषेत सा, म आणि प. 'ई' हा सा धरला तर 'ए' मध्यम आणि 'बी' पंचम. एवढ्या तीन मुक्कामांवर शेकडो गाणी फिरतात. (माझा पंचम अडला होता हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.)

१९५७ मध्ये बर्ट वीडन नावाच्या लंडनच्या गिटारवादकाचं एक पुस्तक आलं. नाव 'प्ले इन अ डे'. एका दिवसात वाजवा! नावात थाप आहे हे उघडच आहे, पण पुस्तक धडधडीत खपलं. एरिक क्लॅप्टनपासून ब्रायन मेपर्यंत अनेकांनी पुढे त्याचे आभार मानले. आणि लिव्हरपूलच्या दोन शाळकरी पोरांनी, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन यांनी, हे पुस्तक मिळून वाचून 'डी' आणि 'ए' या कॉर्ड बसवल्या.

मिळून. हा शब्द माझ्या डोक्यात राहिला.

हॅरिसनची पहिली गिटार एका शाळासोबत्याकडून घेतलेली, स्वस्तातली. त्याने उत्सुकतेपोटी तिचा स्क्रू काढला, दांडा सुटून हातात आला, आणि शेवटी मोठ्या भावाने ती जोडून दिली. जॉन लेननला त्याच्या आईने, जूलियाने, कॉर्ड शिकवल्या, पण तिला येत होता बॅन्जो. त्यामुळे हा बाबा गिटारवर बॅन्जोच्या कॉर्ड वाजवायचा. त्याला आणि त्याच्या मित्राला गिटार सुरात लावताही येत नव्हती. एकाला पैसे देऊन लावून घ्यायचे म्हणे!

६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वुल्टन भागात चर्चच्या जत्रेत लेनन आणि मॅकार्टनी भेटले. मॅकार्टनीला गिटार लावता येत होती आणि गिटारच्या खऱ्या कॉर्डही येत होत्या. पुढे त्याने त्या लेननला शिकवल्या. पण मॅकार्टनी डावखुरा, त्यामुळे लेननला सगळं उलटं दिसायचं. तो घरी जाऊन आरशासमोर बसून ते सुलटं करून घ्यायचा.

आणि आता माझी लाडकी गोष्ट. मॅकार्टनीने ती अनेकदा सांगितली आहे. त्यांना 'ई' येत होती, 'ए' येत होती, 'बी सेव्हन' येत नव्हती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकाला ती येते असं कळलं. हे बसने त्याच्याकडे गेले, शिकले आणि परत आले. एका कॉर्डसाठी!

हे वाचलं आणि जरा वेळ गप्पच बसले. त्या पोरांकडे धड गिटार नव्हती, पुस्तक असून नसल्यासारखं. माझ्याकडे सगळं होतं. पण फोनमधला मास्तर कितीही चांगला असला तरी त्याला माझं बोट दिसत नाही. गुरुमुखी विद्या वगैरे मोठं बोलायला नको. इथे गुरूलाही कालपर्यंत येत नव्हतंच. आपल्यापेक्षा एक कॉर्ड जास्त येणारा माणूस, एवढीच गरज. आणि त्याच्या दारात जायचं धैर्य.

ते धैर्यच माझ्यात कमी होतं. आमच्याच इमारतीत खाली एक दहावीतला मुलगा गिटार वाजवतो, संध्याकाळी ऐकू येतं. त्याच्या आईसमोर मी एरवी "मुलं हल्ली अभ्यास करत नाहीत" असली भाषणं देणारी बाई. त्याच्याकडे जाऊन काय सांगू?

शेवटी एका रविवारी गेलेच. लिव्हरपूलची बस नाही, तीन मजल्यांची लिफ्ट. तो आधी बुजला. मग माझा हात बघून म्हणाला, "काकू, तुमचा अंगठा वर आलाय. तो दांड्याच्या मागे घ्या, मग बोटं आपोआप उभी राहतात." बस, एवढंच. मोकळी तार मोकळी वाजली.

पाचातून दोनदाच वाजते अजून. पुढच्या रविवारी परत बोलावलंय. जाताना त्याच्यासाठी चकल्या नेणार आहे. त्याला अभ्यासाचं मात्र काही विचारणार नाही.