मोड आलेली मेथी

परवा नात मोड आलेली मेथी कच्चीच खायला बसली आणि मला २०११ सालची जर्मनीतली साथ आठवली. त्या मे-जूनमध्ये तिथे ई. कोलाय जिवाणूमुळे पन्नासहून अधिक माणसे दगावली, हजारो आजारी पडली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. शोध घेता घेता माग इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत पोहोचला. मोड आणणारी ऊब नि ओल जिवाणूंनाही मानवते. एकाचे लाखो होतात.

माझ्या लहानपणी आमच्या नंदाखालला भाजीच्या जुड्या बावखलाच्या पाण्यात बुचकळून बाजारात पाठवत. धुतली म्हणजे भाजी स्वच्छ, हेच मी पुढे वर्गातही शिकवले. ते अर्धेच खरे होते. जिवाणू चिकट थर करून पानाला धरून राहतात, पानाच्या बारीक छिद्रांत शिरतात. तिथवर धुण्याचे पाणी पोहोचत नाही. आच मात्र पोहोचते. आई मोडांची उसळ चांगली रटरटू द्यायची. तिला यातले शास्त्र कुठे ठाऊक होते!

नातीला एवढेच म्हणालो, "बाय, उसळ करूया."

हे वाचणारे कुणी माझे जुने विद्यार्थी असतील, तर त्यांनीही तो धडा दुरुस्त करून घ्यावा.