‘सी’ भाषेचे हेडर आणि त्यांचे शक

जुना कागद हातीं आला म्हणजे इतिहासाचा अभ्यासक प्रथम मितीकडे पाहतो, आणि ती शालिवाहन शकाची कीं सुहूर सनाची हें ठरल्यावांचून पुढें जात नाहीं. सन चुकीचा धरला तर कागद खरा असूनही त्याचा अर्थ खोटा निघतो. संगणकाच्या ‘सी’ भाषेच्या इतिहासांतही असाच एक पेंच पडला होता. तो कसा सुटला, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. १९७३ सालीं युनिक्स ही कार्यप्रणाली तींत नव्यानें लिहिली गेली. आणि १९७८ सालीं ब्रायन कर्निहॅन व रिची यांचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. त्या काळीं दुसरा नियमग्रंथ नव्हता. पुस्तक हेंच प्रमाण. भाषेबरोबर तयार फंक्शनांचा संग्रह मिळे, आणि त्यांचीं नांवें व रूपें ज्या फाइलींत नोंदलेलीं असत त्यांस हेडर म्हणत. प्रोग्रामच्या माथ्यावर हेडर जोडला कीं तीं फंक्शनें वापरावयास मोकळीक मिळे.

पुढें युनिक्सच्या शाखा फुटल्या, आणि एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडूं लागला. तेव्हां दोन ठिकाणीं नियम करण्याचें काम सुरू झालें. अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेचें सी भाषेचें मानक १९८९ च्या डिसेंबरांत मंजूर झालें. त्यापूर्वीं १९८८ सालींच विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेचें ‘पॉझिक्स’ हें कार्यप्रणालीचें मानक बाहेर पडलें होतें. आतां खरी अडचण आली. सी मानक म्हणे, आम्ही मोजून दिलीं आहेत त्यांवेगळीं साधीं नांवें हेडरांत नकोत. बाकीचीं नांवें प्रोग्राम लिहिणाराच्या मालकीचीं. पॉझिक्सला तर त्याच हेडरांत स्वतःचीं अधिक फंक्शनें घालावयाचीं होतीं. घर एक आणि धनी दोन, अशी ही स्थिति!

तोडगा असा निघाला कीं, हेडर एकच ठेवावा, परंतु कोणता भाग उघडा करावयाचा हें प्रोग्राम लिहिणारानें आधीं सांगावें. त्यासाठीं पहिला हेडर जोडण्यापूर्वींच तो ‘_पॉझिक्स_सोर्स’ हा शब्द व्याख्येनें सिद्ध करी. अशा शब्दांस ‘फीचर टेस्ट मॅक्रो’ म्हणतात. आरंभीं अधोरेषा व पुढें मोठें अक्षर असलेलीं नांवें सी मानकानें संग्रहकर्त्यांकरितां राखून ठेविलेलीं असल्यामुळें त्यांचा कोणाशींही तंटा होत नाहीं. पुढें ‘_पॉझिक्स_सी_सोर्स’ या नव्या मॅक्रोस अंक देण्याची रीत पडली: १९९३०९, १९९५०६, २००११२, २००८०९. हे अंक म्हणजे उघड उघड वर्ष व महिना होत. प्रोग्रामच्या शिरावर शक लिहिण्याचीच ही चाल नव्हे काय?

शक न लिहिल्यानें काय होतें, याचें उदाहरण मोठें मार्मिक आहे. कर्निहॅन व रिची यांच्या पुस्तकांतील पहिल्याच प्रकरणांत एक ओळ वाचून घेणारें ‘गेटलाइन’ नांवाचें फंक्शन लिहून दाखविलें आहे. तें दोन घटक घेतें. पॉझिक्सच्या २००८ च्या आवृत्तींत त्याच नांवाचें, पण तीन घटक घेणारें फंक्शन दाखल झालें. आज लिनक्सवर त्या पुस्तकांतला प्रोग्राम नेहमींच्या पद्धतीनें संकलकाकडे दिला, तर हेडरांतील नांव व पुस्तकांतील नांव यांची टक्कर होऊन तो नाकारला जातो. केवळ सी मानकाचाच आग्रह धरण्याची आज्ञा संकलकास दिली, तर पॉझिक्सचीं नांवें झांकलीं जातात आणि ही टक्कर नाहींशी होते. भाषेच्या जनकाचाच पाठ, तो कोणत्या करारानें वाचावयाचा हें न सांगितल्यामुळें, चुकीचा ठरतो!

उलट बाजूही तितकीच घातक आहे. ‘स्ट्रडप’ हें अक्षरमालेची प्रत करणारें फंक्शन सी मानकांत २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीपर्यंत नव्हतें. कडक आज्ञा द्यावी आणि मॅक्रो विसरावा, तर हेडर त्याची ओळख देत नसे. आणि ओळख नसलेलें फंक्शन पूर्णांक परत करतें असें गृहीत धरणें ही जुन्या सीची संवय. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर आठ बाइटांचा पत्ता त्यामुळें चार बाइटांत कोंबला जाई, आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणीं कोसळे. ही सवलत १९९९ च्या मानकानें काढून घेतली. तरी संकलक दीर्घकाळ इशाऱ्यावरच भागवीत राहिले.

कित्येक जण ‘_ग्नू_सोर्स’ लिहून सर्वच दरवाजे उघडतात. हा आळस आम्हांस मान्य नाहीं. ‘स्ट्रएरर_आर’ या फंक्शनाचीं दोन रूपें आहेत: पॉझिक्सचें पूर्णांक देतें, ग्नूचें अक्षरमालेचा पत्ता देतें, आणि त्या एका शब्दानें लेखकाच्या नकळत दुसरें रूप हातीं येतें. जुनें मोडावयाचें नाहीं आणि नवें अडवावयाचें नाहीं, असा ज्यांस संसार करावयाचा आहे त्यांनीं आपण कोणत्या सालच्या शब्दास बांधलेले आहों हें आरंभींच नमूद करावें, एवढेंच या लहानशा इतिहासावरून आमचें सांगणें आहे.